१७३४ची मॉन्ट्रियलची आग आणि साक्षीदारांच्या जबान्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातल्या मॉन्ट्रियलला आमच्याकडे जो पाहुणा येतो त्याला मी जुन्या गावातल्या रू सें-पोल रस्त्यावर घेऊन जाते आणि तिथे उभं राहून ही गोष्ट सांगते: १७३४ मध्ये इथे मोठी आग लागली, ती लावली म्हणून अँजेलिक नावाच्या गुलाम बाईला फाशी दिली, आणि तिच्याविरुद्धची मुख्य साक्ष होती एका लहान मुलीची. मग पुढे महिनोन्महिने त्यांचे मेसेज येत राहतात, ती मुलगी खरंच पाच वर्षांची होती का, वकील कसा नाही दिला, वगैरे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय.

१. आग नेमकी कधी लागली आणि किती जळलं?

शनिवार १० एप्रिल १७३४, संध्याकाळी सातच्या सुमारास. तेव्हा हा भाग फ्रान्सची वसाहत होता, न्यू फ्रान्स. तीन तासांच्या आत ४६ इमारती गेल्या, त्यात ओतेल-दिय हे नन्सनी चालवलेलं हॉस्पिटलही गेलं. जीव कुणाचा गेला नाही. आपल्याकडचा काळ डोळ्यासमोर आणायचा तर शनिवारवाडा बांधून जेमतेम दोन वर्षं झालेली, पुण्यात पहिले बाजीराव होते.

गावाला आग नवीन नव्हती हे लक्षात ठेवा. १७२१ मध्येही मोठी आग लागून ह्याच हॉस्पिटलसकट निम्मं गाव गेलं होतं, आणि ती सणाच्या मिरवणुकीत कुणीतरी बंदुकीचा बार काढला त्याने लागलेली. म्हणजे ह्या लोकांनी तेरा वर्षांत दुसऱ्यांदा सगळं गमावलं होतं, आणि रविवारी सकाळी ते कुठल्या मनःस्थितीत असतील ते समजल्याशिवाय पुढच्या जबान्या कळत नाहीत.

२. जळालं ते घर होतं की दुकान? दोन्ही वाचलंय.

दोन्ही बरोबर आहे. रू सें-पोल हा व्यापाऱ्यांचा रस्ता, खाली माल, वखार, दुकान आणि वर बिऱ्हाड. जुन्या पुण्यातल्या पेठांमध्ये खाली दुकान वर घर असतं ना, साधारण तसंच समजा. आग सुरू झाली ती फ्रान्स्वा पुलें द फ्रांशव्हील ह्या व्यापाऱ्याच्या घरात, माळ्यावर छपराच्या बाजूला. तो स्वतः आदल्या वर्षी, नोव्हेंबर १७३३ मध्ये वारला होता आणि घर त्याची विधवा तेरेझ द कुआन्य सांभाळत होती. आग लागली तेव्हा ती घरात नव्हती, संध्याकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये गेली होती.

३. अँजेलिक कोण? कॅनडात गुलाम होते हेच मला माहीत नव्हतं.

बऱ्याच जणांना नसतं माहीत, इथल्या लोकांनाही नसतं. न्यू फ्रान्समध्ये १७०९ पासून गुलामगिरी कायद्याने मान्य होती, आणि बहुतेक गुलाम इथले मूलनिवासीच होते, त्यांना ‘पानी’ म्हणत, आफ्रिकन वंशाचे त्या मानाने कमी. मारी-जोसेफ अँजेलिक ही पोर्तुगालच्या मदैरा बेटावर जन्मलेली काळी बाई, तिथून एका फ्लेमिश माणसाबरोबर अमेरिकेत आणलेली, आणि १७२५ मध्ये फ्रांशव्हीलने विकत घेतलेली. आगीच्या वेळी तिशीच्या आतबाहेर. तिला तीन मुलं झाली होती, त्यातली दोन जुळी, तिन्ही तान्हेपणीच गेली. ही ओळ बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या नोंदींमधून येते, खटल्यात कुणी तिला त्याबद्दल काही विचारत नाही.

४. पण संशय थेट तिच्यावरच का गेला?

कारण त्या हिवाळ्यात ती एकदा पळाली होती. मालकीणबाई गावाला गेली तेव्हा अँजेलिकला आलेक्सी मोनिएर नावाच्या व्यापाऱ्याकडे ठेवलं होतं, तिथे फेब्रुवारीत एका रात्री अंथरुणाने पेट घेतला आणि ती क्लोद तिबो ह्या तिच्या प्रियकराबरोबर न्यू इंग्लंडच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या इंग्रजांच्या वसाहतींच्या दिशेने निघून गेली. तिबो गोरा, फ्रान्सहून आलेला करारावरचा नोकर. दोन आठवड्यांत दोघं सापडले. तिबोला तुरुंगात टाकलं, तिला परत मालकिणीकडे पाठवलं, आणि तिबो सुटला तो एप्रिलच्या आगीच्या अगदी काही दिवस आधी.

शिवाय तिला विकायचं ठरलेलं होतं. सौदा क्वेबेकच्या कुन्ये नावाच्या माणसाशी, ६०० पौंड बंदुकीच्या दारूच्या बदल्यात. हो, माणसाच्या बदल्यात दारू, कागदावर असंच आहे. तिला वेस्ट इंडीजला पाठवतील ही भीती तिला होती आणि ती भीती खोटी नव्हती.

तर मुद्दा असा की हेतू होता, आधीची आग होती, पळून जाणं होतं. हे सगळं खरं धरलं तरी त्या संध्याकाळी माळ्यावर कोण गेलं ह्याचं उत्तर ह्यातून मिळत नाही. गावाने ते उत्तर ह्यातूनच काढलं, आणि रविवारी ११ एप्रिलला सकाळी तिला अटकसुद्धा झाली. अजून एकही साक्ष झालेली नव्हती तेव्हा. सरकारी वकील फ्रान्स्वा फुशेच्या अर्जात आधार दिलाय तो लोकांमधल्या बोलवेचा.

५. साक्षीदार किती होते, आणि प्रत्यक्ष बघणारे किती?

वीसहून जास्त जण साक्षीला आले. सहा आठवडे हे चाललं, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तिला आग लावताना पाहिलं असं म्हणणारा एकही माणूस त्यात नव्हता.

मी ह्या जबान्या वाचताना एक सवय लावून घेतली, तुम्ही पण लावा. प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलने लिहायचं, ‘बघितलं’, ‘ऐकलं’, की ‘वाटलं’. पान भरत जातं आणि ‘ऐकलं’ची रांग वाढत जाते. अमक्याकडून कळलं की हिनेच लावली, गावात सगळे म्हणतात हिनेच लावली. एकीने सांगितलं की ती दारात उभी राहून अस्वस्थपणे इकडेतिकडे बघत होती. हे ‘बघितलं’मध्ये येतं, मान्य, पण संध्याकाळी दारात उभं राहून रस्ता न्याहाळणारी बाई आग लागायच्या आधी कुणाच्या लक्षातही राहिली नसती, आगीनंतर त्याच बघण्याला अर्थ चिकटला.

माझ्या लहानपणी आमच्या गावात कापडाच्या एका दुकानाला रात्री आग लागली होती, मी सातवीत असेन. सकाळी नळावर पाणी भरताना सगळ्या बायकांना माहीत होतं कुणी लावली, दुकानातून काढून टाकलेल्या पोराने, आणि दोघीतिघींनी तर त्याला मागच्या बोळातून जाताना पाहिलं होतं. आठवडाभराने वायरमनने जळलेला मीटर बाहेर काढून दाखवला. आणि मला अजून आठवतं, तो बोळातून गेला असं मला स्वतःलाही वाटायला लागलं होतं, मी तर रात्री झोपले होते. ह्या बायका खोटारड्या नव्हत्या. म्हणून मॉन्ट्रियलचे हे वीस-बावीस लोक खोटारडे होते असं मी म्हणत नाही.

६. शेजारच्या मुलीने काय सांगितलं? तिची साक्ष तर थेट होती ना?

शेजारी बेरे नावाचं कुटुंब, त्यांच्याकडे मारी नावाची, मानों म्हणून हाक मारायचे अशी पानी मुलगी गुलाम होती. तिने सांगितलं की त्याच दिवशी अँजेलिक तिला बोलली, मालकीण आज हसतेय पण रात्री ह्या घरात झोपायची नाही, अशा अर्थाचं काहीतरी. ऐकल्यावर वाटतं झालं, संपला विषय.

थोडं थांबा. हे बोलणं तिसऱ्या कुणी ऐकलेलं नाही. अँजेलिकने समोरासमोर ते साफ नाकारलं. आणि मानोंची स्वतःची जागा बघा, ती पण गुलाम, शेजारच्याच घरातली, जिथून ठिणगी उडाली असू शकते असं काही अभ्यासकांना वाटतं (प्रश्न १३ बघा). तिच्या मालकांचं घर जळलंय, कोर्ट तिला विचारतंय. तिला दुसरं काही सांगायला वाव होता का? मला तिच्याबद्दलही वाईटच वाटतं. दोन गुलाम बायका एका खोलीत समोरासमोर उभ्या आहेत आणि जिच्या शब्दावर कोर्टाचा विश्वास बसेल ती वाचणार.

७. आणि ती काढून टाकलेली मोलकरीण?

मारी-लुईझ प्वारिए. ती ह्याच घरात कामाला होती, अँजेलिकशी तिचं अजिबात पटायचं नाही आणि त्या भांडणापायी तिचं काम सुटलं होतं. तिने अँजेलिकच्या धमक्या सांगितल्या, जाळून टाकीन वगैरे. अँजेलिक रागीट होती, तोंडाने फटकळ होती, ह्यात शंका नाही, बऱ्याच जणांच्या बोलण्यात ते येतं. पण नोकरी जिच्यामुळे गेली तिच्याविरुद्धची साक्ष कशी तोलायची हे आपल्याकडे तालुका कोर्टातला ज्युनियर वकीलसुद्धा सांगेल. तिथे ते विचारायला वकीलच नव्हता, पुढचे दोन प्रश्न त्यावरच आहेत.

८. कोर्टात साक्ष व्हायची कशी? उलटतपासणी होती का?

आपल्याला वाटते तशी नव्हती. फ्रान्सचा १६७०चा फौजदारी कायदा लागू होता. साक्षीदार एकेकटा आत जायचा, आरोपी तिथे नसायची, लोकही नसायचे. शपथ, नाव, वय, धंदा, मग आरोपीचा नातेवाईक, सोयरा किंवा चाकर आहेस का ते विचारायचं. मग त्याने सांगायचं आणि कारकुनाने लिहायचं, ‘म्हणाला की’, ‘म्हणाली की’ असं तिसऱ्या पुरुषात. म्हणजे आपण वाचतो ते साक्षीदाराचे शब्द असतात आणि नसतातही, मधे कारकून आहे. शेवटी वाचून दाखवायचं, सही घ्यायची, नाहीतर सही येत नाही म्हणून नोंद करायची, आणि साक्षीचा भत्ता पाहिजे का तेही विचारायचं. ही भत्त्याची ओळ जबानीमागून जबानी येत राहते, आणि मला तिथे तो माणूस खरा वाटायला लागतो, घर जळालेला, कोर्टात दिवस घालवलेला.

नंतर काही दिवसांनी त्याच साक्षीदाराला पुन्हा बोलवून जबानी वाचून दाखवायची, बदल आहे का विचारायचं. आणि त्याच्यानंतर आरोपीशी समोरासमोर. तेव्हा कुठे आरोपीला कळतं आपल्याविरुद्ध काय सांगितलंय. तिथल्या तिथे, तयारीशिवाय, एकटीने उत्तर द्यायचं.

९. वकील का नाही दिला?

कारण न्यू फ्रान्समध्ये वकिलांना वकिली करायलाच बंदी होती, कुणालाच वकील नसायचा. तिच्यावर खास अन्याय म्हणून तिला नाकारला असं नाही. पण पैसेवाल्याला ओळखी असतात, नातेवाईक असतात, तिला कोण होतं? वर आरोपीलाही खरं बोलायची शपथ घ्यावी लागे. न्यायाधीश पिएर रेंबोने तिला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले आणि दर वेळी तिने एकच सांगितलं, मी लावली नाही.

१०. पाच वर्षांच्या मुलीच्या साक्षीवर फाशी? हे खरंच झालं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलीचं नाव अमाब्ल. आलेक्सी मोनिएरची मुलगी, म्हणजे तेच घर जिथे फेब्रुवारीत अंथरुण पेटलं होतं (प्रश्न ४). आगीच्या संध्याकाळी ती आणि कुआन्यबाईची भाची अँजेलिकच्या आजूबाजूलाच खेळत होत्या. तिची साक्ष झाली २६ मे ला. आगीनंतर ४६ दिवसांनी. तिने सांगितलं की अँजेलिक फावड्यावर निखारे घेऊन माळ्यावर जाताना तिने बघितली. फावडं म्हणजे चुलीतले निखारे काढायचं ते छोटं.

वय हा एकटा मुद्दा घेऊन लगेच बाद म्हणू नका. त्या कायद्यात लहान मुलांची साक्ष घ्यायची परवानगी होती, तिला किती वजन द्यायचं ते न्यायाधीशाने ठरवायचं. आपल्याकडे भारतातही लहान मुलाची साक्ष वयामुळे आपोआप बाद होत नाही, प्रश्न समजतो का, नीट उत्तर देता येतं का ते कोर्ट बघतं, आणि कुणी पढवलं नाही ना हे फार बारकाईने बघतं. पाच वर्षांचं पोर खरं बघू शकतं आणि खरं सांगू शकतं.

माझी अडचण ४६ दिवसांची आहे. ते दिवस त्या मुलीच्या बाजूने बघा. गाव जळलंय, लोक दुसऱ्यांच्या घरात दाटीवाटीने राहतायत, जेवताना, झोपताना मोठ्या माणसांच्या तोंडी एकच विषय, एकच नाव. निखारे, माळा, अँजेलिक. पाच वर्षांच्या मुलीने हे सहा आठवडे ऐकलं. मग तिला मोठ्या खोलीत नेलं, शपथ दिली आणि विचारलं. तिने डोळ्यांनी बघितलेलं आणि कानांनी ऐकलेलं वेगळं कसं काढायचं? ती रविवारीच हे बोलली असती तर मी वेगळं म्हणाले असते. आणि तोपर्यंत बाकी सगळी साक्ष ऐकीव होती, एक डोळ्याने बघणारा साक्षीदार हवा होता, आणि नेमका तो मिळाला.

११. एकच प्रत्यक्ष साक्षीदार पुरतो का? माझ्या वाचनात दोन लागतात.

बरोबर वाचलंय. त्या पद्धतीत पूर्ण पुरावा म्हणजे प्रत्यक्ष बघणारे दोन साक्षीदार किंवा आरोपीची कबुली. एक साक्षीदार, हेतू, धमक्या, आधीचं वागणं हे सगळं अर्धवट पुराव्यात जायचं. पण हे अर्धवट तुकडे एकावर एक ठेवून न्यायाधीश दोषी ठरवू शकत होता आणि इथे तसंच झालं. ४ जूनला शिक्षा सुनावली: चर्चच्या दारात सगळ्यांसमोर क्षमा मागायची, हात तोडायचा, जिवंत जाळायचं.

१२. पण तिने शेवटी कबूल केलं होतं ना? मग वाद कसला?

कबूल केलं, पण कधी ते बघा. अशा शिक्षेवर क्वेबेकच्या वरिष्ठ मंडळाकडे अपील आपोआप जायचं. १२ जूनला त्यांनी दोषी कायम ठेवलं पण हात तोडणं आणि जिवंत जाळणं काढून टाकलं, आधी फाशी, मग प्रेत जाळायचं. त्याआधी साथीदारांची नावं काढण्यासाठी छळ मात्र ठेवला. २१ जूनला सकाळी तिच्या पायांना लाकडी फळ्या आवळून बांधल्या आणि त्यांत हातोड्याने पाचरी ठोकल्या. तेव्हा ती म्हणाली मीच लावली, मला फाशी द्या. साथीदाराचं नाव तिने शेवटपर्यंत घेतलं नाही. त्याच दिवशी दुपारी फाशी झाली, जळक्या घरांच्या समोर, मग शरीर जाळून राख वाऱ्यावर सोडली. हे ज्याच्याकडून करवून घेतलं तो मातिय लेव्हेइए स्वतः मार्टिनिकहून आणलेला काळा गुलाम होता.

शिक्षा छळाच्या आधीच ठरली होती, म्हणजे कबुली हा शिक्षेचा आधारच नाही. आणि पायाचं हाड फुटत असताना बोललेलं वाक्य मी पुराव्याच्या रकान्यात लिहू शकत नाही. त्याआधी दहा आठवडे, दर प्रश्नाला तिने नाही म्हटलंय, ते दहा आठवडे पण कागदावर आहेत. फ्रान्सने स्वतः हा छळाचा प्रकार १७८०च्या दशकात बंद केला.

१३. मग आग तिने लावली नाही तर कशाने लागली?

ह्यावर इतिहासकारांतच दोन गट आहेत. एका बाजूचं म्हणणं, तिनेच लावली, आणि एका गुलाम बाईने पळून जाण्यासाठी उचललेलं ते पाऊल होतं, तिला निष्पाप अबला करून आपण तिचं धाडस काढून घेतो. दुसरी बाजू म्हणते हा अपघात, चुलीतून किंवा धुराड्यातून उडालेली ठिणगी, कदाचित शेजारच्या स्वयंपाकघरातली, लाकडी छपरावर पडली. एप्रिलमध्ये इथे अजून थंडी असते, संध्याकाळी सातला घरोघरी चूल पेटलेली असते, आणि त्या दिवशी वारा होता.

माझं मत विचाराल तर ह्या जबान्यांवरून तिने लावली असं सिद्ध होत नाही. पहिल्या गटाचं म्हणणं मला मनापासून पटतं की तिच्याकडे कारण होतं आणि हिंमतही होती. पण हिंमत होती म्हणजे केलं असं म्हणणं हाच तर गावाचा तर्क होता.

१४. तिच्या बाजूने जाणारं कागदात काहीच नाही का?

आहे की. आग दिसल्यावर ती पळून गेली नाही, लोकांबरोबर सामान वाचवायला लागली, रात्रभर हॉस्पिटलच्या बागेत वाचवलेल्या सामानाजवळ होती आणि सकाळी अटक झाली तेव्हाही तिथेच. पळण्यासाठी आग लावली असेल तर त्या गोंधळात, अंधारात, अख्खं गाव दुसरीकडे बघत असताना ती का थांबली? हा प्रश्न सगळ्या कागदांत कुणी नीट विचारलेला मला दिसला नाही.

१५. तिबोचं काय झालं?

आगीनंतर दोन-तीन दिवसांत गायब झाला, पकडायचे हुकूम निघाले, सापडला नाही. (पळून जाणं हा अपराधाचा पुरावा धरायचा असेल तर तो त्याच्याकडे जास्त जातो, पण खटला तिच्यावर चालला.)

१६. मूळ कागद वाचता येतात का? मला फ्रेंच येत नाही.

खटल्याची मूळ कागदपत्रं क्वेबेकच्या सरकारी अभिलेखागारात जपलेली आहेत, आणि इंग्रजी भाषांतरही उपलब्ध आहे. सुरुवात अमाब्लपासून करू नका, सगळे तिथेच उडी मारतात. तारखांच्या क्रमाने वाचा, १० एप्रिलपासून, आणि पाचव्या प्रश्नातली पेन्सिल हातात ठेवा.

१७. आता तिथे बघायला काय आहे? आम्ही जुलैत येतोय.

जळालेलं घर रू सें-पोलच्या नदीकडच्या बाजूला होतं, ओतेल-दियच्या समोर, आताच्या रू सें-सुल्पीसच्या कोपऱ्याजवळ. त्या वेळचं काही उरलेलं नाही, दुकानं आहेत, गॅलऱ्या आहेत, उन्हाळ्यात आइस्क्रीमची रांग असते. तिच्या नावाचा चौक सिटी हॉलसमोर आहे, शां-द-मार्स मेट्रो स्टेशनला लागून, २०१२ मध्ये नाव दिलं. मी पाहुण्यांना आधी चौकात नेते आणि मग चालत रू सें-पोलला, पंधरा मिनिटं लागतात आरामात. संध्याकाळी सातला पोचेल असं बघा.